गंधालीच्या नावाचा खेकडा

मुलुंडच्या डोंगरातल्या ओढ्यात गंधाली चार पावसाळे गुडघाभर पाण्यात उभी राहिली होती. तिथला जांभळट खेकडा जवळच्या जातींपेक्षा वेगळा असल्याचा संशय पहिल्यांदा तिलाच आला. संग्रहालयातले जुने नमुने काढून तिने कवचं मोजली, नराच्या पोटाखालचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिले, डीएनएही तपासून घेतला. जात नवीनच निघाली. तिने सगळं लिहून आपले पीएचडीचे गाइड देवदत्त सर यांच्याकडे दिलं. पेपर छापून आला तेव्हा लेखक म्हणून सरांचं एकट्याचंच नाव होतं आणि खेकड्याला मात्र गंधालीचं नाव दिलेलं होतं. "सर, काम तर सगळं माझं होतं ना?" तिने विचारलं. "अगं, म्हणून तर तुझं नाव दिलं. लेखक असतीस तर स्वतःचंच नाव दिलं असतंस का? बरं दिसतं ते? पेपर लोक विसरतील, हे नाव कायम राहील." कॉलेजात टाळ्या झाल्या. बाबांनी चाळभर पेढे वाटले, त्यामुळे तिला भांडताही आलं नाही. मार्चमध्ये ती वांद्र्याच्या एका कॉलेजात प्राध्यापकीच्या मुलाखतीला गेली. समोरच्या बाईंनी फाइल दोनदा चाळली. "तुमच्या नावाचा खेकडा आहे म्हणे, छान. पण तुमच्या नावावर पेपर एकही दिसत नाही." "तो खेकडा मीच ओळखला, मॅडम." "तसं कुठे लिहिलंय?" गंधालीने पेपर उघडून आपल्याबद्दलची एकमेव ओळ दाखवली. बाईंनी ती मोठ्याने वाचली, "खेकडे पकडायला मदत केल्याबद्दल गंधाली सावंत यांचे आभार."