आत्या हसली

मच्छी विकताना सगळा बाजार दणाणून सोडणारी कमळाआत्या कॅमेरा समोर आला की पार आकसून जायची. मिरकरवाड्यातल्या घराच्या अंगणात तिची भाची मनिषा सकाळपासून तिची मनधरणी करत होती.

"नको गो बाय. तो काळा डोळा रोखून बघतो नि माझं तोंड लाकडासारखं होतं."

"मग त्याच्याकडे बघूच नकोस आत्या. माझ्याकडे बघ नि बोलत राहा."

आत्या पदर सावरून बसली. हळूहळू तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या आणि एकाएकी ती खळखळून हसली. मनिषाने पटापट फोटो घेतले. इतकी मोकळी हसलेली आत्या तिने कधी पाहिली नव्हती.

"बघ, गेली की नाही भीती?"

"अगो, हितेश तुझ्या मागं उभा राहून मला वेडावतोय, मग हसू येणार नाय तर काय?" आत्या डोळे पुसत म्हणाली. "मेल्या, असा निथळत काय उभा राहिलास? आधी अंग पूस जा."

मनिषाने हसतच मागे वळून पाहिलं. अंगणात कोणीच नव्हतं. पहाटे होडीवर गेलेला तिचा भाऊ हितेश अजून किनाऱ्याला लागायचा होता.