राखण

गैबीचाचांच्या खोकल्यानं घरात कुणाला झोप लागेना, म्हणून सुनेनं, मेहमुदानं, त्यांची बाज परसात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी टाकली. त्या खोकल्याला बिचकून कळंब्याच्या तळ्याकडनं येणारं रानमांजर यायचं थांबलं. "आमच्या कोंबड्यांची राखण अब्बा करत्यात," मेहमुदा शेजारणींना सांगायची. ते ऐकून म्हातारा बाजेवर ताठ बसायचा.

थंडी वाढली तसं मुलानं, इकबालनं, दवाखान्यातनं गोड तांबड्या औषधाची बाटली आणली. डोसाच्या कागदी खुणा चिकटवलेली. त्या रात्री चाचा कैक महिन्यांनी गाढ झोपले. सकाळी खुराड्याची फळी सरकलेली होती आणि परसभर पिसं होती. अंड्यावर आलेल्या दोन कोंबड्या गेल्या होत्या.

मेहमुदानं पिसं गोळा केली. चहा देताना ती एवढंच म्हणाली, "काल तुमचा आवाजच आला न्हाय, अब्बा."

चाचांनी मान खाली घातली.

पुढं इकबाल रोज निजायच्या आधी एका खुणेएवढं औषध वाटीत ओतून त्यांच्या हातात द्यायचा. बाटली रिकामी होत आली, पण खोकला पुन्हा सुरू झाला होता, पहिल्यापेक्षा जास्तच. कोंबड्या मात्र शाबूत होत्या.

एका सकाळी परस झाडताना मेहमुदाला बाजेखाली मुंग्या लागलेल्या दिसल्या. तिथली माती तांबडी, चिकट झाली होती. ती जरा वेळ बघत राहिली. मग चुलीतली राख आणून तिनं त्यावर पसरली.

"ह्या औषधाचा काय गुण न्हाय," आत येऊन ती नवऱ्याला म्हणाली. "दुसरी बाटली आणू नगा."