अंबाडी

केशवरावांनी अंबाडीची जुडी इंदुताईंच्या हातातून काढून घेतली.

"भाजी मीच करणार," ते म्हणाले.

त्यांच्या बायकोचं, मालनबाईंचं, वर्षश्राद्ध होतं. वडे आणि खीर केशवरावांच्या थोरल्या बहिणीने, इंदुताईंनी, मलकपेठहून करून आणली होती. कुकटपल्लीच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये भात शिजून तयार होता, केळीची पानं पुसून ठेवली होती. मुलगी रेणू पाहुण्यांसाठी कोल्ड्रिंकच्या दोन मोठ्या बाटल्या घेऊन आली होती. राहिली होती ती अंबाडी.

"हौ रे बाबा, कर तूच," इंदुताई म्हणाल्या. "नाहीतरी बायकोनं तुला आचारी करूनच सोडलाय."

ते खरंच होतं. मालनबाईंच्या किडन्या बिघडल्या आणि स्वयंपाकघर केशवरावांकडे आलं. काय खायचं, काय नाही, याचा एक कागद डॉक्टरांनी दिला होता. तीन वर्षं त्यांनी तो मोडला नाही. मीठ बंद. भाजी दोनदा उकळायची, दोन्ही वेळचं पाणी फेकायचं, मगच फोडणी. एका घरात दोन स्वयंपाक नकोत म्हणून तेही तेच खायचे. "तुमच्या किडन्या ठणठणीत आहेत, तुम्ही खा की मीठ," असं मालनबाई चिडवायच्या. त्यांनी खाल्लं नाही. त्या गेल्यावरही वर्षभर तसंच चाललं. एकट्यासाठी मीठ आणावं असं त्यांच्या कधी मनात आलं नाही.

शेवटच्या आठवड्यात मालनबाईंनी एकच मागितलं होतं. अंबाडी करा, म्हणाल्या, आंबट, मीठ घालून. केशवरावांनी अंबाडी केली, पण कागदाप्रमाणे. नुसता चोथा झाला होता. मालनबाईंनी ताटली पुसून खाल्ली आणि "छान झालीय" म्हणाल्या.

आज ती त्यांना द्यायची होती, मागितली होती तशी. कालच त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून मिठाची पिशवी आणली होती आणि विसरायला नको म्हणून ओट्यावर समोरच ठेवली होती.

पानं उकळली. केशवरावांनी पहिलं पाणी काढून टाकलं. तेवढं मालनबाईही काढायच्या. मग त्यांचा हात आपणहून नळाकडे गेला. तोटी फिरवणार तोच त्यांनी तो मागे ओढला.

"दुसरं पाणी घालत होतो, रेणू," ते म्हणाले आणि हसले. "आत्ता सगळा आंबटपणा गेला असता बघ."

वर्षभरात वडिलांना हसताना रेणूने पाहिलं नव्हतं. ती खिडकीकडे वळली आणि उगीच केळीची पानं परत पुसू लागली.

केशवरावांनी भाजी घोटली. तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या, मूठभर शेंगदाणे घातले. वरून फोडणी ओतली तसा आंबट वास बाहेरच्या खोलीपर्यंत गेला. बऱ्याच दिवसांनी त्या घरात असा वास सुटला होता. रेणूने चमच्याच्या टोकावर थोडी भाजी घेतली. इंदुताईंनी तिचं मनगट धरलं.

"नैवेद्य आहे, चाखू नये. आधी आईला, मग आपल्याला."

पान वाढलं. भात, वडे, खीर आणि मधोमध अंबाडी, जरा जास्तच. पानावर मीठ वाढायचं का, असं रेणूने विचारलं. नैवेद्याच्या पानावर मीठ वाढत नाहीत, असं इंदुताईंनी सांगितलं.

गच्चीवर पाण्याच्या टाक्या होत्या आणि त्यांच्या मध्ये केबलवाल्याची मोठी डिश. तिच्या सावलीत केशवरावांनी पान ठेवलं, हात जोडले. किती वेळ थांबावं लागेल, कावळा शिवेल की नाही, याची त्यांना रात्रभर काळजी लागली होती. ते जोडलेले हात खाली आणतात तोच कावळा उतरला. त्याने भाताकडे पाहिलं नाही, वड्याकडे पाहिलं नाही. चोच सरळ भाजीत घातली.

इंदुताईंनी पदर डोळ्यांना लावला. केशवराव बघत राहिले. मग भराभर जिना उतरले. घरी येईपर्यंत त्यांना धाप लागली होती, पण चेहरा मोकळा झाला होता. शेजारी आले होते, त्यांना त्यांनी स्वतः हात धरून पाटावर बसवलं. अंबाडी सगळ्यांनी दोनदा घ्यायची, असं बजावलं.

रेणू वाढायला आली. पहिलं मीठ वाढायचं, डाव्या हाताला, पानाच्या टोकाला.

"बाबा, मीठ कुठाय?"

"ओट्यावर आहे. थांब, मी देतो."

ते आत गेले. पिशवी शेगडीच्या बाजूला होती, काल ठेवली होती तिथेच, तशीच उभी. त्यांनी ती उचलली. कोपरा कापलेला नव्हता.

त्यांनी पिशवी उलटी केली. पुन्हा सुलटी केली. चारी कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला.

बाहेर इंदुताई शेजारणीला सांगत होत्या, "जरा म्हणून ताटकळत ठेवलं नाही बघा मालननं. आली नि लगेच खाल्लं. भाजी आवडली तिला."

"बाबा, मीठ," रेणूने हाक मारली.

कात्री समोर खिळ्याला लटकत होती. केशवरावांना ती दिसली नाही. त्यांनी दातांनीच पिशवीचा कोपरा फाडला. चार कण जिभेवर पडले. ते थुंकावेत की गिळावेत, हे न कळून ते तसेच उभे राहिले.