मायेरचं आवतन

"या ताई, वर या. लाजू नका," हितेंद्र माइकमध्ये म्हणाला, आणि पिशवी छातीशी धरलेली ती बाई बिचकत बिचकत स्टेजवर आली.

हितेंद्रला आभाळ ठेंगणं झालं होतं. आखाजी, म्हणजे सासुरवाशिणींनी माहेरी जायची अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली, जळगावचं ऊन मी म्हणत होतं, तरी 'गोतावळा'च्या उद्घाटनाला मंगल कार्यालयाचा वरचा हॉल भरला होता. धंद्यात पैसा घालणारे पुण्याचे साहेब पहिल्या रांगेत बसले होते. व्हिडिओ करणाऱ्यांना प्रेक्षक ढिगानं काही ना काही लिहितात. एकेकाला उत्तर द्यायला सवड कोणाला आहे? ते काम आता हितेंद्रचं सॉफ्टवेअर, हा 'गोतावळा', करणार होतं, आणि तेही त्या माणसाच्याच बोलीत, त्याच्याच लकबीत, त्याच्याच नावानं. पहिलं गिऱ्हाईक होत्या अमळनेरच्या प्रमिलाबाई; चाचणी म्हणून महिनाभर त्यांच्या नावानं तेच उत्तरं देत होतं. त्यांचे चुलीवरच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ धुळ्या-जळगावात घरोघरी पाहतात. स्टेजवरच्या खुर्चीत त्या नव्या साडीत अवघडून बसल्या होत्या. कार्यक्रम इंटरनेटवर थेट चालला होता आणि मागच्या पडद्यावरही दिसत होता. बाजूला प्रेक्षकांची वाक्यं सरकत होती, आणि प्रत्येक वाक्याखाली प्रमिलाबाईंच्या नावानं गोतावळ्याचं उत्तर उमटत होतं.

अशात खरीखुरी प्रेक्षक दारात येऊन उभी राहिली, म्हणजे देवच पावला म्हणायचा.

"नाव काय, ताई? कुठून आलात?"

"रत्ना. धुळाना पल्याड गाव शे मन्हं."

"प्रमिलाबाईंना भेटायला इतक्या लांबून?"

"ताईनी बलायं ना."

ताईंनी बोलावलंय म्हटल्यावर टाळ्या पडल्या. प्रमिलाबाईंनी मान वळवली. "मी बलायं? कोन शे तू, बाई?"

रत्ना हसली. मोठी बहीण चेष्टा करतेय असंच तिला वाटलं. "रोज तर बोलतस आपण! मी लिखं, मन्हं मायेर ऱ्हायनं नही, भाऊ बी गया, घरमा रोज मार खास. तुम्ही लिखं, 'ये ना बाई, आखाजीले ये. हाई तुन्हं मायेरच शे.' काल परत इचारं, खरंच येऊ का? तुम्ही लगेच लिखं, ये. मंग निंघनू. घर कोनले सांगं नही. सकाळे तुम्ही या हॉलना पत्ता बी लिखा."

माइक हितेंद्रच्या हातात होता आणि त्याला तो खाली करायचंही सुचेना. ते वाक्य त्याला पाठ होतं. प्रमिलाबाई स्वतः उत्तरं लिहायच्या तेव्हा आखाजीच्या दिवसांत सासुरवाशिणींना असं आवतन द्यायच्या. खानदेशात ते कोणीही कोणाला देतं, आणि घेणारी 'येसू, येसू' म्हणून आपल्या माहेरी जाते. पण या वाक्यानं बायका पुन्हा पुन्हा लिहितात, हे हितेंद्रच्या ध्यानात आलं. त्यानं गोतावळ्याला शिकवून ठेवलं, की बाईमाणूस दिसलं की आवतन द्यायचंच. जिला माहेरच नाही ती काय करेल, हा विचार त्याला शिवलाही नव्हता.

"मी लिखं नही, बाई," प्रमिलाबाई हितेंद्रकडे हात करून म्हणाल्या. "या पोऱ्याना मशीननी लिखं. देवनी आण."

रत्नाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. तिनं हितेंद्रकडे पाहिलं. "मंग इतला दिन मी कोनसंगे बोलनू, भाऊ?"

हितेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मेली सवय, नजर साहेबांकडे गेलीच. साहेब खुशीत पडद्याकडे बोट दाखवत होते. रत्ना बोलायला लागल्यापासून पाहणाऱ्यांचा आकडा भराभर चढत होता.

त्याच पडद्यावर एक नवं वाक्य आलं. 'हाई मन्ही बायको शे. तिना मांगे मांगे जळगाव स्टँडवर उनू. हॉल कोठे शे?'

रत्नानं ते वाचलं. तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

हितेंद्र लॅपटॉपकडे धावला, मध्ये वायरीत पाय अडकून गुडघ्यावर आपटला. कार्यक्रमाचा पत्ता सकाळी त्यानंच गोतावळ्याला पढवला होता. तो उठेपर्यंत उत्तर उमटलंही, प्रमिलाबाईंच्या नावानं, प्रमिलाबाईंच्या गोड बोलीत: 'ये ना भाऊ, आपलाच कार्यक्रम शे! स्टँडना समोरनी गल्ली, वरला हॉल. चहा लेवाले ये.'

त्याखाली लगेच नवऱ्यानं पाठवलेलं अंगठ्याचं चिन्ह उमटलं.

हितेंद्रनं वायरच उपटली. पडदा काळा झाला. कार्यक्रम संपला असं समजून मागच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या.

प्रमिलाबाई उठल्या. त्यांनी रत्नाचं मनगट धरून तिला आपल्या मागे घेतलं. "मशीननी लिखं का कोनी बी लिखं," त्या म्हणाल्या, "मन्हा नाववर उनी शे ही." मग हितेंद्रवर ओरडल्या, "उभा काय ऱ्हायना? मांगलं दार कोठे शे?"

हितेंद्रनं हॉलभर पाहिलं. मागे भिंत होती. खाली जायचा जिना एकच, आणि लोक उठून दाराशी गर्दी करू लागले होते. त्या गर्दीपलीकडून कोणाची तरी घाईची पावलं पायऱ्या चढत आली, आणि स्वागताला उभ्या केलेल्या बाईनं गुलाबपाणी शिंपडून, शिकवल्याप्रमाणे गोड आवाजात म्हटलं, "या, या. आत या."