एकात एक

शर्मिष्ठाने संगणकाचा पडदा केरबांकडे वळवला आणि लगेच तिला वाटलं, वळवायला नको होता.

दोन वर्षांपूर्वी ती त्यांच्या बुरूडआळीत दोन दुपारी शब्द टिपत बसली होती. बांबू चिरता चिरता केरबा सांगत होते, दुरडी भाकरीची, परडी फुलांची, हारा शेण वाहायला, डालगं कोंबड्यांवर झाकायला. "माझ्यामागं हे इणणारं कुणी न्हाई, बाई. तुमच्या मशिनीत तरी ऱ्हाऊ द्या."

विद्यापीठाच्या अर्थकोशात प्रत्येक वेगळ्या अर्थाची वेगळी नोंद करायची, असा नियम होता. पण काम संपवायची तारीख अंगावर आली, तेव्हा तिने चारही शब्द 'टोपली'च्या नोंदीत समानार्थी म्हणून टाकून दिले. मिनिटभराचं काम. गेल्या आठवड्यात कोश पूर्ण होऊन कायमचा कुलूपबंद झाला. आता त्यातलं अक्षरही बदलता येणार नव्हतं. आणि आज केरबा आपले शब्द बघायला मुद्दाम एसटीने आले होते.

त्यांना वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय?" त्यांनी विचारलं.

खोटं सांगणं सोपं होतं. तिने आहे तेच वाचलं. "टोपली, दुरडी, परडी, हारा, डालगं. बांबूचं विणलेलं भांडं."

"पुढं?"

"एवढंच."

केरबा पडद्याकडे बघत राहिले. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"आम्ही बी अशाच एकात एक घालतो," ते हळूच म्हणाले. "बाजार उठल्यावर. न खपलेल्या."