आपला विश्वासू

छापखान्याचा मालक आपल्या मुद्रितशोधकाला चारचौघांत ‘ए चष्मा’ म्हणून हाक मारायचा, आणि मुद्रितशोधक रोज घरी येऊन राजीनामा घेऊन बसायचा. मजकूर नऊ वर्षांपूर्वीच तयार झाला होता. घोडं अडलं होतं ते शेवटच्या ओळीत. ‘आपला नम्र’ लिहावं, की ‘आपला विश्वासू’?

“‘नम्र’ लिहिलं तर तो डोक्यावर बसेल,” आजही तो म्हणाला आणि ‘नम्र’ खोडून त्याने ‘विश्वासू’ लिहिलं.

“बसलाय की! आता उतरवायला शिडी लागेल,” बायको म्हणाली. “आज देणार होतात ना?”

“सोमवारी देतो. घाई केली की चुका राहतात.”

बायकोने कागद ओढून घेतला. वरचं मालकाचं नाव खोडून तिथे नवऱ्याचं लिहिलं, खालचं नवऱ्याचं खोडून स्वतःचं. ‘मला आजपासून आपल्या सेवेतून मुक्त करावे’ हे वाक्य जसंच्या तसं चाललं. अर्ध्या मिनिटात काम उरकून तिने कागद त्याच्या पुढ्यात ठेवला, चार कपडे बॅगेत कोंबले आणि ती जिना उतरू लागली.

पहिल्या वळणावर मात्र तिचा पाय अडखळला. माणूस वाईट नव्हता. धावत आला, तर फिरावं का मागे?

“अगं, थांब!” वरून खरोखरच हाक आली.

ती थांबली.

“‘आपला विश्वासू’ तसंच राहिलंय! तिथे ‘आपली’ हवं!”

उरलेल्या पायऱ्या ती दोन-दोन करत उतरली.