दहा ग्रॅमचे रोलर

"हळू," वडील म्हणाले.

लेकीनं त्यांच्या पाठीशी उशी सरकवली. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती रोज गॅरेज उघडण्याआधी यायची. त्यांचं अंग पुसायची, स्वयंपाक करून झाकून ठेवायची.

त्याआधीच्या वर्षभरात ती फार तर दोनदा आली असेल. मुलीनं स्कूटरी खोलत बसावं, हे वडिलांना कधी पटलं नाही. त्यावरून एकदा चांगलंच वाजलं आणि मग बोलणं जेवढ्यास तेवढं उरलं.

म्हणूनच ते आपण होऊन स्कूटर घेऊन गॅरेजात आले, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं.

"घरचा चढ चढत नाही ही. बघ काही होतंय का."

तिनं इंजिनाचा जोर चाकाला पोचवणारा व्हेरिएटर खोलला. आतले रोलर तेरा ग्रॅमचे होते. रोलर जितके हलके, तितकी गाडी जागेवरून चटकन सुटते. खरं तर अकराचे पुरले असते. ते डब्यात होतेही. पण आपली करामत वडिलांना दिसावी म्हणून तिनं दहाचे टाकले. रेस देताच स्कूटर बाणासारखी सुटली. वडील नुसते हसले. तेवढ्यावर तिचा आठवडा गेला.

मग शेजाऱ्यांचा फोन आला. वडील उंबऱ्यात पडलेले सापडले होते, पुढ्यात अंगणात स्कूटर.

दवाखान्यात तिनं विचारलं, "रेस देताच उसळली ना?"

वडिलांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला जे कळायचं ते कळलं. भाऊ फोनवर "तुझ्या हौसेपायी" एवढंच म्हणाला. तेव्हापासून कुणी पिकअप वाढवून मागितला की ती पाना खाली ठेवायची.

"गॅरेज विकतेय, बाबा," आज ती त्यांची नखं कापता कापता म्हणाली. "उद्या किल्ल्या द्यायच्यात."

वडिलांनी बोटं आखडून घेतली.

"मग तू काय करणार?"

"इथं राहीन, तुमचं बघीन. तुमच्या मनासारखं झालं की."

"किल्ल्या देऊ नकोस."

"नाही जमायचं मला आता. दर गाडीत तुमचा पाय दिसतो."

"देऊ नकोस म्हणतो ना." त्यांनी तिचा हात घट्ट धरला. "तू दवाखान्यात धावत आलीस, मग रोज यायला लागलीस आणि खरं सांगायला माझी जीभच रेटेना. त्या दिवशी मी बाथरूममध्ये घसरलो. सरपटत कसाबसा दारापर्यंत आलो. स्कूटरला मी हातसुद्धा लावला नव्हता."